पंपाला न्हाय म्हणणारी धोंडूबाई

कशेळीची खाडी मागे टाकून भिवंडीकडे निघालं, की थोड्या वेळाने डाव्या अंगाला पिंपळखारचा फाटा लागायचा. फाट्यावर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. एस.टी.चा थांबा होता, त्याचं छप्पर वाऱ्याने कधीच नेलं होतं. आणि त्याला टेकून धोंडूबाईची टपरी होती. कापडाच्या गाठी घेऊन निघालेले ट्रकवाले तिथे थांबायचे, चहा प्यायचे, दुपारी भाकरी आणि सुकटीचं कालवण खायचे आणि वर धोंडूबाईच्या शिव्याही खाऊन जायचे. चहात पाणी जास्त आहे असं कुणी म्हणालं, तर ती त्याच्या ट्रककडे बघून विचारायची, “तुज्या टायरमदी हवा तरी पुरी हाय का?”

नवरा मिठागरावर राबून राबून पंच्याऐंशी साली गेला. मूलबाळ नव्हतं. भावकी चार दिवस रडून गेली आणि पाचव्या दिवशी घरामागच्या वाडीवर डोळा ठेवून परत आली. धोंडूबाईने त्यांना दारातूनच वाटेला लावलं, आणि महिन्याभरात फाट्यावर चार बांबू रोवून चूल पेटवली. तेव्हापासून गावातल्या कुठल्याही मोठ्या माणसाबद्दल तिचं मत फारसं चांगलं कधी नव्हतंच. मोठी माणसं रोज तिच्या समोर बाकड्यावर बसत, त्यामुळे ते सुधारण्याची शक्यताही नव्हती.

अशी बाई ग्रामपंचायतीत गेली, ती सरपंच चांगदेवच्या हुशारीमुळे. बायकांसाठी दोन जागा राखीव झाल्या. चांगदेवला अशा बायका हव्या होत्या, ज्या सांगितलं तिथे अंगठा उठवतील. एक जागा आक्काला दिली. आक्काचा नवरा सभेच्या वेळी खिडकीबाहेर उभा राहायचा आणि एकदा खोकला की आक्का हात वर करायची. दुसऱ्या जागेसाठी विधवा, पाठीशी कुणी नसलेली धोंडूबाई चांगदेवला सोयीची वाटली. तिच्या हातचा चहा दहा वर्षं पिऊनही ज्याला असं वाटलं, त्याच्या अकलेबद्दल वेगळं काय सांगायचं?

“तू फकस्त हुबी रा,” तो म्हणाला. “तुला बोलायचं कायच न्हाय.”

“मंग मी कशाला?” धोंडूबाई म्हणाली. “रिकामी खुर्ची ठेव की. ती बी बोलत न्हाय.”

पण ती उभी राहिली आणि निवडूनही आली. ट्रकवाल्यांना मत असतं तर बिनविरोध आली असती.

शहाण्णवच्या सुमाराला वळ गावाकडे गोदामांवर गोदामं उठत होती. शेतातला भात जाऊन पत्र्याच्या शेडी आल्या आणि रस्त्यावर ट्रकांची रांग रात्रंदिवस हटेना. भिवंडीतल्या मजीदशेठने हे हेरलं. लूमच्या धंद्यात आता राम उरला नाही हे त्याला कळलं होतं. त्याने पेट्रोल पंपाची एजन्सी मिळवली आणि पिंपळखारच्या फाट्यालगतची जमीन घेतली. पंपाबरोबर काचेचं दुकानही होणार होतं. थंड पेयं, बिस्किटं, साबण, आइस्क्रीम, सगळं एका छपराखाली. इकडे तालुक्यात, तिकडे ठाण्याला, असे बरेच कागद लागत होते. त्यातला एक पंचायतीचा ना हरकत दाखला.

आता जमीन घेतली होती ती चांगदेवच्या चुलतभावाची. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, दाजीचीही जमीन होती आणि ती मजीदशेठने घेतली नव्हती. दाजी पंचायतीतला सर्वांत जुना सभासद, धोतर-टोपीवाला, माईक नसतानाही माईकसमोर बोलणारा. पहिल्याच सभेला तो उठला.

“हा पंप न्हाय, हा बॉम्ब हाय!” दाजी गरजला. “उद्या एक ठिणगी पडली तर आख्खं गाव राखेत जाईल. पोराबाळांचा विचार कोण करनार?”

धोंडूबाईने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. दाजीच्या पडवीत रॉकेलची पिंपं ओळीने उभी असायची आणि त्याचा मुलगा तोंडात बिडी धरून ती ओतायचा, हे सगळ्या सभेला माहीत होतं. सभेने गंभीरपणे मान डोलावली.

दाजीला रंग चढला. गावची संस्कृती झाली, खाडीचं पाणी झालं, परक्या माणसांचा वावर झाला. मग त्याची नजर धोंडूबाईवर पडली आणि त्याला तीही उपयोगाची वाटली. “आनि ही आपली गरीब विधवा भैन! हिच्या टपरीचं काय? मी आज या सभेत सांगतो, हिच्या टपरीला धक्का लागला, तर हा दाजी आपल्या ओटीवर हिला जागा देईल! माज्या घराच्या ओटीवर!”

टाळ्या पडल्या. गरीब विधवा बहिणीने मात्र टाळी वाजवली नाही. दहा वर्षांत या भावाने चहाचे पैसे मागितल्याशिवाय कधी दिले नव्हते.

चार दिवसांनी मजीदशेठ स्वतः टपरीवर आला. मोटार लांब उभी करून चालत आला, एवढं तिने पाहिलं. त्याचा बाप गुलाम हुसेन पूर्वी गवताच्या व्यापाराला या गावात यायचा, त्यामुळे तिला माणूस परका नव्हता.

“मावशी, तुमची हरकत आहे असं ऐकलं. काय आहे हरकत?”

“माजा धंदा जाईल. दुसरी काय आसनार?”

मजीदशेठ बाकड्यावर बसला. “जाईल,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू? सगळा नाही, पण बराचसा जाईल. दुकानात काम देतो तुम्हाला. महिन्याचा पगार.”

“काच पुसायचं काम?”

मजीदशेठ बाकड्यावर बोटाने रेघा ओढू लागला.

“गप बसलास ते बरं केलंस,” धोंडूबाई म्हणाली आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. “तुजा बा बी खोटं बोलायची पाळी आली की आसाच गप बसायचा. मी न्हाय म्हननार हाय, ते आत्ताच ऐकून ठेव.”

तो हसला, चहा संपवला आणि गेला. गावात त्या प्रकरणात तिच्याशी सरळ बोललेला तो एकटा माणूस, आणि तोच तिचं पोट मारायला निघालेला. या गोष्टीचा तिला दोन दिवस फार राग आला.

मग चांगदेवने ठरवलं, की पंचायतीने अभ्यास दौरा करावा. पेट्रोल पंप म्हणजे काय, तो गावाला पोषक की मारक, याचा अभ्यास. भिवंडीपासून ठाण्यापर्यंत सभासदांनी जन्मात शंभर पंप पाहिले असतील, पण अभ्यासाला त्यांना लोणावळाच लागलं. गाडी मजीदशेठकडून मागून घेतली. धोंडूबाईही गेली. टपरी एक दिवस बंद ठेवून ही माणसं काय अभ्यास करतात ते बघावं, असं तिच्या मनाने घेतलं.

घाटाखालच्या एका पंपावर सगळे उतरले. चांगदेवने मशीनवर हात ठेवून फोटो काढून घेतला. आक्काच्या नवऱ्याने, जो सभासद नसतानाही पुढच्या सीटवर बसून आला होता, पंपावरच्या माणसाला विचारलं, “पेट्रोल कुठून येतं?” तो म्हणाला, “टँकरमधून.” नवऱ्याने मान हलवली. तेवढाच अभ्यास. बाकीचा दिवस जेवणात आणि चिक्की घेण्यात गेला. दाजी सकाळी निघताना गाडीत सगळ्यांपासून लांब, फुगून बसला होता. परतताना तो चांगदेवच्या शेजारी होता आणि दोघे हळू आवाजात बोलत होते. धोंडूबाई मागे बसून त्या दोन मानांकडे पाहत राहिली. मागून दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

मतदानाच्या सभेला दाजी पुन्हा उठला. काळ बदलतो आहे, म्हणाला. गावाने किती दिवस मागे राहायचं? आपण डोळ्यांनी पंप पाहून आलो, सगळं सुरक्षित आहे. दाजीला कुणी पैसा दिला असता तर धोंडूबाईला त्याचा थोडा तरी मान वाटला असता. त्याला दिलं होतं काय, तर उद्‌घाटनाच्या संगमरवरी पाटीवर नाव. प्रमुख पाहुणे म्हणून. एवढ्यावर बॉम्बचा पंप झाला, आणि राखेत जाणारं गाव पुढे गेलं.

खिडकीबाहेर एकदा खोकला झाला. आक्काचा हात वर गेला. बाकीचेही गेले.

“विरोधात?” ग्रामसेवकाने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

धोंडूबाईने हात वर केला. सभेत कुजबुज झाली.

“कारण सांगा, बाई. नोंद करावी लागते.”

“माजी टपरी बुडंल.”

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. ग्रामसेवक समजुतीच्या सुरात म्हणाला, “तसं नाही लिहिता येत. ते वैयक्तिक झालं. सार्वजनिक हिताचं काहीतरी सांगा. आग, प्रदूषण, काहीही.”

“ते या दाजीनं सांगितलं. मंग हात कुनीकडं केला ते बी तुमी बगितलंत,” धोंडूबाई म्हणाली. “गावाची काळजी तुमी समदी करा, तुमाला परवडतं. माजं कारन माजंच हाय आनि खरं हाय. तेच लिवा.”

हसणं थांबलं. ग्रामसेवकाने खाली मान घालून तेच लिहिलं.

पंप झाला. सनई वाजली, पेढे वाटले गेले, पाटीवर दाजीचं नाव लागलं. मग रस्त्याच्या खात्याची माणसं ट्रक घेऊन आली. पंपात गाड्या वळायच्या तर फाटा दोन्ही बाजूंनी मोकळा हवा, असा नियम होता. टपरी मध्ये येत होती. चांगदेव तिथेच होता. “वरनं आलंय,” एवढं म्हणून तो आभाळाकडे बघायला लागला, जणू ट्रक तिथूनच उतरला होता.

“हात लावू नका,” धोंडूबाई त्या माणसांना म्हणाली. “मी हुबारली, मीच काडते.”

तिने पत्रे एकेक करून उतरवले. बांबू उपटले. चुलीचे दगड तेवढे तिथेच राहू दिले. गावातले पुरुष रस्त्याच्या कडेला ओळीने उभे राहून पाहत होते, आणि एकही पुढे आला नाही. ती भांडी मुद्दाम आदळत, मोठा आवाज करत गोळा करत होती. शेवटी ओळखीच्या एका ट्रकवाल्याने ब्रेक मारला, काही न विचारता सामान वर चढवलं आणि मग विचारलं, “किधर, मौसी?”

“दाजीच्या घरी,” धोंडूबाई म्हणाली.

दाजीचं घर रस्त्याला लागूनच, ऐसपैस ओटीचं. दाजी झोपाळ्यावर पेपर वाचत होता. ट्रकमधून पहिला पत्रा ओटीवर पडला तेव्हा तो ताडकन उठला.

“हे काय? हे काय चाललंय?”

“टपरीला धक्का लागला, दाजी. तू बोलला व्हतास तशी आले.”

“आगं, ते भाषन व्हतं!”

“मंग? मी भाषनच ऐकलं. तुजं खाजगीतलं बोलनं मना कुठं ऐकू आलं?”

तोवर पाठोपाठ गाव आलं होतं. ज्या पुरुषांना पत्रा उचलायला हात नव्हते, त्यांना गंमत बघायला पाय होते. दाजीने आजूबाजूला पाहिलं. ज्यांच्यासमोर तो गरजला होता तीच तोंडं. तो काही बोलणार एवढ्यात आतून त्याची बायको गुणाबाई आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, धोंडूबाईकडे पाहिलं, आणि झोपाळ्याच्या कड्या काढायला लागली. “चूल या कोपऱ्यात मांड,” ती म्हणाली. “धूर भाईर जाईल.”

चाळीस वर्षांच्या संसारात गुणाबाईने नवऱ्याला दिलेलं ते पहिलंच उत्तर असावं.

ट्रक दाजीच्या दारात थांबू लागले. पहाटे चारला हॉर्न वाजायचे. दाजीने तक्रार केली, अंगण धुऊन चिखल केला, टपरी बसल्या जागी बुडावी म्हणून देवाला नवस बोलला असंही लोक म्हणत. मग हळूहळू त्याला सवय झाली, आणि बाकड्यावर बसून तो ट्रकवाल्यांना देशाच्या परिस्थितीवर भाषणं देऊ लागला. चहाचे पैसे धोंडूबाई त्याच्याकडून रोखीने घेई. ओटीचं भाडं म्हणून दर सोमवारी गुणाबाईच्या हातात काहीतरी ठेवी, दाजीच्या नाही.

पंचायतीची मुदत संपली, नव्या निवडणुकीत तिला कुणी विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही. आक्का मात्र पुन्हा उभी राहिली, कारण तिच्या नवऱ्याला आता पंचायतीचा अनुभव होता.

मजीदशेठचं दुकान बुडेल असं धोंडूबाईला मनातून फार वाटत होतं. ते बुडलं नाही, चांगलं चाललं. गोदामांतले कारकून, मोटारसायकलवाली पोरं, ठाण्याकडे निघालेल्या मोटारी, सगळे तिथे थांबायचे. मळक्या कपड्यांचे ट्रकवाले डिझेल भरून दाजीच्या ओटीवर यायचे. तिचा धंदा पूर्वीच्या निम्म्यावर आला, आणि तेवढाच राहिला.

दोन हजार एक सालच्या मे महिन्यात ती भिवंडीहून बाजार करून येत होती. एस.टी. फाट्यावर सोडून गेली. घशाला कोरड पडली होती, पिशव्या जड होत्या. ती क्षणभर उभी राहिली आणि मग सरळ काचेच्या दारातून आत गेली. आतला गार वारा तोंडावर आला.

“मावशी, चपला बाहेर,” गल्ल्यावरचा नोकर म्हणाला.

आत कोपऱ्यात मजीदशेठ बसला होता. त्याच्या पायात बूट होते. धोंडूबाईने त्या बुटांकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिली. मजीदशेठ उठला, स्वतः फ्रीज उघडून बाटली काढली, तिचं झाकण उडवून तिच्या हातात दिली. तिने ती उभ्यानेच, सगळी, एका दमात संपवली आणि पैसे काउंटरवर ठेवले. त्याने ते परत सरकवले. तिने पुन्हा पुढे ढकलले. त्याने घेतले.

“थंड चांगलं हाय तुजं,” ती म्हणाली. “पन या नोकराला काड. मानूस बगून बोलतोय.”

आणि पिशव्या उचलून, चपला वाजवत, ती दाजीच्या घराकडे निघाली. दुपारच्या भाकऱ्या अजून व्हायच्या होत्या.