बीयरच्या शर्यतीची पंच

माझा दादा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होता. कॉलेजात असताना पाच हजार मीटर धावायचा. मी शाळेत खेळाची बाई झाले, तीही त्याच्या मागं मागं मैदानावर जाऊनच. कारखाना बंद पडला तेव्हा त्याला पन्नाशी लागायची होती. या वयात दुसरीकडं कुणी घेईना. वहिनीनं शिवणकाम वाढवलं आणि दादा घरी बसला.

धावणं मात्र सुटलं नव्हतं. सकाळी हर्सूलच्या तलावाकडं तो दोन मित्रांबरोबर जायचा. एकाची गंगापूरकडं उसाची शेती, दुसऱ्याचं शहागंजात कापडाचं दुकान. दुकानवाले मुसलमान, दारूला कधी न शिवलेले. तिघांची पोरवयापासूनची दोस्ती.

बीयरच्या शर्यतीची कल्पना शेतवाल्याची. त्यानं मोबाईलवर कुठलीशी परदेशातली शर्यत पाहिली होती: एक टिन प्यायचा, एक फेरी मारायची, परत टिन, परत फेरी. उसाच्या कडेनं गाडीवाट होतीच. त्याचे दोघं चुलतभाऊपण तयार झाले.

"पंच तू," दादा मला म्हणाला. "नायतर भांडणंच व्हायची."

कारखाना बंद झाल्यापासून त्याला इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. मी हो म्हटलं, आणि एकदा पंच झाल्यावर मला थट्टा जमत नाही. रविवारी सगळ्यांना घरी बसवून नियम ठरवले. टिन सगळ्यांचे सारखे, एकाच टबातल्या बर्फातले, कारण गार बीयर घशाखाली उतरायला वेळ लागतो. टिन माझ्यासमोर फोडायचा आणि उभं राहून प्यायचा. संपला की डोक्यावर उलटा करायचा; केसांत फेस पडला तर संपला नाही असं धरायचं. उलटी झाली तर एक फेरी जादा. चक्कर आली, जीभ जड झाली, की मी सांगीन तिथं थांबायचं. गाड्यांच्या चाव्या आधीच माझ्याकडं.

"माझं वजन बघा," शेतवाला म्हणाला. "मला सूट पायजे."

"वजनानं पळवत नाय, पण त्याच वजनानं चढतपण नाय," दादा म्हणाला. "फिट्टंफाट!"

सगळ्यात मोठा वाद दुकानवाल्यांचा झाला. ते मला बहिणीच्या मानानं बाजी म्हणत. म्हणाले, "बाजी, हम सोडा पीते. गॅस तो गॅस है."

"पण सोड्यानं पाय कुठं लटपटतेत?" एक चुलतभाऊ म्हणाला.

शेवटी ठरलं, सोडा चालेल, पण त्यांनी सगळ्यांपेक्षा एक फेरी जादा मारायची. त्यांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. मला वाटलं, यापेक्षा न्यायाचं काही होऊ शकत नाही.

शर्यतीच्या दिवशी ऊन कोवळं होतं. मी टबाजवळ उभी होते. पहिला टिन उचलताना दादाचा हात थरथरत होता. बोटांची पकड बसेना. टिनची कडी त्याच्याकडून दोनदा निसटली. मी म्हटलं, "गार लागतंय का रे?" त्यानं टिन तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. डोक्यावर उलटा केला, एक थेंबही पडला नाही. हात आता स्थिर होता.

मग तो धावला. दुसऱ्या फेरीला चुलतभाऊ बांधावर बसले. शेतवाल्याला उसात उलटी झाली आणि जादा फेरी म्हणताच त्यानं हात जोडले. दुकानवाले ढेकर देत, पोट धरून धावत होते. दादाचं पाऊल मात्र दर टिनागणिक हलकं पडत गेलं. मान सरळ, खांदे सैल, कॉलेजच्या मैदानावर धावायचा तसा. सगळे शिट्ट्या मारत होते. त्याचा चेहरा इतका आनंदी होता की मला तिथं उभं राहवेना. पंच म्हणून उभी राहिले. जिंकला तोच.

परत येताना दुकानवाले गाडी चालवत होते. दादा मागं झोपला होता. आरशात त्याच्याकडं बघत ते हळूच म्हणाले, "बाजी, सबकी हालत पीने के बाद बिगडी. इसकी पीने के बाद सुधरी. तुमने देखा ना?"

"पाहिलं," मी म्हटलं.

वहिनीला विचारलं तर ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "वन्सं, सकाळी तलावावर जायच्या आधीपण घेतेत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असंल."

पुढची शर्यत ठरू लागली तेव्हा मी एक नियम वाढवला. आधीच्या आठवड्यात ज्यानं थेंबही घेतला असेल, त्यानं धावायचं नाही.

"हे तपासणार कोण?" शेतवाल्यानं विचारलं.

"कुणी नाही. ज्यानं त्यानं सांगायचं. सांगेल ते मी मानीन."

दादानं माझ्याकडं बघितलं. खोटं बोलणं त्याला किती सोपं होतं! "नियम बरोबर हाय," तो म्हणाला. "मग मी नाय." आणि चपला घालून निघून गेला.

नियम बरोबरच होता. आजही कुणी विचारलं तर मी तोच करीन. पण त्या नियमानं काहीच साधलं नाही. ती शर्यत पुन्हा झाली नाही. दादा तलावावर जायचा बंद झाला. आम्ही त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. बरा होऊन आला, पुन्हा लागली. पुन्हा ठेवलं. दुकानवाले किती दिवस सकाळी त्याच्या दाराशी बूट घालून उभे राहायचे. एकदा तो बाहेर आला, कोपऱ्यापर्यंत चालला आणि दम लागून खाली बसला. डॉक्टरांनी यकृताचं सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली, जणू शेजाऱ्याबद्दल ऐकतोय.

आता त्याचे डोळे पिवळे झालेत, पाय सुजलेत. गेल्या महिन्यात वहिनीचा दुपारी फोन आला, "ते एकटेच निघालेत, माझं ऐकत नाहीत." मी गेले तेव्हा तो जालना रोडच्या कडेला उभा होता. समोर, रस्त्यापलीकडं दारूचं दुकान. ट्रक, रिक्षा धडाधड जात होत्या आणि त्याला पाऊल टाकता येत नव्हतं.

"घरी चल दादा."

"जमत नाय गं," तो म्हणाला. रडत नव्हता, रागावलाही नव्हता. "तू जा. मी जातो हळूहळू."

तो तसाच रस्त्यात उतरला. हॉर्न वाजले. मी धावत जाऊन त्याचं कोपर धरलं. मागं ओढलं तर तो पडला असता. एका हातानं गाड्या थांबवत मी त्याला पलीकडं नेलं, दुकानाच्या दारापर्यंत.