पातं खोटं, मूठ खरी

"हात मांगं बांधा, मंग पाहा."

त्याच्या घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य हे. बसा नाही, पाणी नाही. आलेला माणूस व्याही असो की विजेचं बिल देणारा, त्यानं पहिलीतल्या पोरासारखे हात पाठीमागे बांधायचे आणि मगच त्या काचेच्या कपाटाजवळ जायचं. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "घाम लोखंड खाते." आमच्या शाळेचे मुख्याध्यापक एकदा माझ्याबरोबर गेले होते. जन्मभर दुसऱ्यांना हात बांधायला लावलेला माणूस, पण तिथे दहा मिनिटं मुकाट्यानं हात बांधून उभा राहिला.

मला हा माणूस कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुमच्याही शेजारी असा एखादा असेलच. आपण त्याला तोंडावर अहो-जाहो करतो आणि दार लावलं की दात खातो. अमरावतीत आमची आणि त्याची भिंत एकच होती. अठरा वर्षं मी त्या भिंतीवर दात खाल्ले.

तो सुऱ्या जमवायचा. साध्यासुध्या नाहीत, लढाईतल्या. महायुद्धात आपल्या वऱ्हाडातून जे शिपाई गेले, त्यांनी छावणीत रिकाम्या वेळी स्वतःच्या हातानं बनवलेल्या. ट्रकच्या कमानीचा पाटा, मोडकी संगीन, झिजलेली कानस, जे हाती लागेल ते घासून पातं करायचं. पडलेल्या विमानाच्या काचेच्या, ॲल्युमिनियमच्या, चामड्याच्या चकत्या कापून एकावर एक ओवायच्या, की झाली मूठ. "बंदूक सरकारची होती, ते सरकारले वापस केली त्याहिनं," तो म्हणायचा. "हे सोताची होती. हे घरी आणली." तो स्वतः लढाईत कधी नव्हता. सारा जन्म ट्रकच्या गॅरेजात गेला होता, त्यामुळे पात्यावर नख वाजवून ते कुठलं लोखंड आहे हे तो सांगायचा.

प्रत्येक सुरीखाली एक चिठ्ठी असे. कोणी बनवली, कशापासून बनवली, कोणत्या गावातून आली. अक्षर इतकं देखणं, की मला बाईच्या नात्यानं नाही तरी मास्तरीणबाईच्या नात्यानं हेवा वाटायचा.

आता हा छंद चांगलाच म्हणायचा. पण त्याचा त्रास कोणाला? आम्हाला. मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत, आमच्या खिडकीतला कूलर त्यानं काढायला लावला. कूलरचा ओलावा भिंतीतून जाऊन सुऱ्यांना गंज चढतो म्हणे. मी म्हटलं, "अहो, माणसं भाजून निघताहेत इकडे." तर म्हणाला, "माणसाले गंज नाही लागत, मॅडम." अमरावतीच्या उन्हाळ्यात कूलर बंद करा म्हणणाऱ्या माणसाला देवानं कोणत्या मातीचं घडवलं असेल, तुम्हीच ठरवा. माझ्या नवऱ्यानं भांडण नको म्हणून कूलर मागच्या खोलीत नेला. मी महिनाभर दोघांशीही बोलले नाही.

शिवाय हावरट. वरूडच्या एका संत्र्याच्या बागेत एक म्हातारी असल्याच एका सुरीनं पेट्यांच्या दोऱ्या कापायची. नवऱ्यानं लढाईतून आणलेली सुरी, देणार नाही म्हणाली. हा तिच्या ओसरीवर दोन दिवस बसून राहिला. तिसऱ्या दिवशी ती वैतागली आणि सुरी त्याच्यासमोर आदळून म्हणाली, घेऊन जा आणि तोंड दाखवू नको. हे तो स्वतः कौतुकानं सांगायचा. "जेवलो बी तिच्याच घरी," असंही वर म्हणायचा.

असा हा माणूस. आणि त्याच्याकडे मी माझ्या बाबांना घेऊन गेले, ही माझी अक्कल.

बाबा भातकुलीजवळच्या आमच्या गावात एकटे राहायचे. आजोबा ब्रह्मदेशच्या लढाईला गेले होते. त्यांचे सैन्यातले कागद वाळवीनं खाल्ले. गावात कोणी ना कोणी टोमणा मारायचंच, की तुझा बाप छावणीत भांडी घासत होता, लढाई कुठली. पुरावा म्हणून घरात एकच वस्तू उरली होती, आजोबांनी तिकडे बनवलेली सुरी. मी त्या माणसाच्या चिठ्ठ्यांबद्दल सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, "सुरी देत नाही मी त्याले. पण चिठ्ठी लिहून देईन काय? तुह्या आज्याच्या नावाची?" अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

बाबा धुतलेला सदरा घालून आले. सुरी टॉवेलात गुंडाळलेली, माझ्या पिशवीत. त्यांनाही हात मागे बांधायला लावले. मग त्यानं सुरी टेबलावर ठेवायला सांगितली आणि विचारलं, "दसऱ्याले पुजता काय?"

"नाही भाऊ," बाबा म्हणाले. "आमच्या घरी दीक्षा घेतल्यापासून हत्यार पुजत नाहीत. कांदे कापतो."

"बेस करता."

त्यानं पात्यावर नख वाजवलं. एकदा, दोनदा. मग मूठ डोळ्यांजवळ नेली, परत पात्याकडे आला. आणि दोन पाहुणे बसले होते त्यांच्यादेखत म्हणाला, "पातं खोटं आहे. हे लढाईतलं नाही, इथलं आहे. वखराची पास, जमिनीत चालते ते लोखंडी पट्टी, घासलेली आहे ही. मूठ खरी आहे."

बाबांचा चेहरा उतरला आणि ते दाराकडे वळले. तो म्हणत होता, "थांबा ना, मले मूठ पाह्यची आहे अजून. मूठ ठेवून जा दोन दिवस." मी सुरी टॉवेलात गुंडाळली आणि म्हटलं, "मी वरूडची म्हातारी नाही." दार आपटलं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं म्हणे.

बाबांना एसटी स्टँडवर सोडायला निघाले, तेव्हा रिक्षात त्यांनी सांगितलं. ते एकोणीस वर्षांचे असताना विहिरीवरच्या इंजिनाचं झाकण अडकलं. त्यांनी घरातली सुरी नेली, झाकणाच्या फटीत घातली आणि जोर लावला. पातं मधोमध तुटलं. आजोबा तेव्हा आठवडाभर परगावी होते. बाबांनी बाजारच्या दिवशी एका लोहाराला गाठलं, घरच्या जुन्या वखराची पास दिली आणि तिचं नवीन पातं बसवून घेतलं. काजळी आणि तेल चोळून ते जुनं दिसेल असं केलं. आजोबा परत आले आणि पुढची वीस वर्षं त्याच सुरीनं कांदा चिरत राहिले. कधी एक शब्द बोलले नाहीत.

"लढाईत गोळी लागली नाही त्याच्या सुरीले," बाबा म्हणाले, "अन् पोरानं घरात मोडली. वरून खोटं बोललो. साठ वर्षं झाली, माय."

माझा सगळा राग त्या शेजाऱ्यावर गेला. बाबांनी साठ वर्षं झाकून ठेवलेलं त्यानं एका नखानं उघडं केलं, आणि तेही परक्या माणसांसमोर. खरं बोलायला काय लागतं? जीभ सैल असली की झालं.

त्यानंतर दोन वर्षं तो मला फाटकात गाठायचा. शाळेला निघाले की, "मॅडम, मूठ आणली काय?" भाजी घेऊन आले की, "ते मूठ एकदा पाहू द्या ना." मी उत्तर देत नसे. एकदा त्यानं सायकलपुढे उभं राहून म्हटलं, "तुमच्या बाबाच्या कामाची गोष्ट आहे." मी म्हटलं, "माझ्या बाबांचं काम तुम्ही एकदा केलंत, तेवढं पुरे." हावरट माणूस दुसरं काय मागणार? असं मला वाटत होतं, आणि मला तसं वाटण्यात काही चूक आहे असं तुम्हालाही वाटलं नसतं.

मग बाबा आजारी पडले. अमरावतीलाच दवाखान्यात ठेवलं होतं. दिवाळीनंतर गेले.

गावचं घर आवरताना सुरी हाती आली. मी ती घेतली आणि तडक त्याच्या दारात गेले. आपल्याकडे सुरी कोणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. मी ती त्याच्या हातात दिली. होऊ दे भांडण, म्हटलं.

"घ्या मूठ. पातं फेकून द्या."

तो खिडकीजवळ गेला, भिंग काढलं. बराच वेळ गेला. मग मला जवळ बोलावलं. मुठीत चामड्याच्या काळपट चकत्या होत्या, त्यांच्यामध्ये एक जास्त काळी, गुळगुळीत.

"हे कायची आहे माहीत आहे? लाईटच्या जुन्या बटणाची. काळी येत होती पहिले. गावात लाईट कधी आली तुमच्या?"

"बाबांच्या लग्नाच्या वर्षी." आई सांगायची, पहिल्या बल्बखाली तिच्या अंगावर फुलं पडली.

"अन् पातं कधी बदललं?"

"लग्नाच्या आधी. एकोणीसचे होते ते."

"मंग पाहा. हरेक चकतीच्या कडेले कानशीच्या तीन बारीक रेघा आहेत, सरकू नये म्हणून. ज्यानं लढाईत बनवली त्याच्या हाताची सवय आहे ते. या बटणाच्या चकतीले बी तीनच. लोहार नाही करत असं." त्यानं भिंग खाली ठेवलं. "लोहारानं ठोकताना एक चकती फोडली असन. मूठ ढिली राह्यली. तुमच्या आज्यानं सोता खोलली, नवी चकती घातली अन् वापस बसवली. मूठ खोलली म्हणजे पातं हातात आलंच ना. ज्यानं पयलं पातं घासून केलं होतं, त्याले वखराचं लोखंड समजलं नसन काय?"

मी खुर्चीत बसले. कोणी बसा म्हटलं नव्हतं.

"त्याले माहीत होतं, मॅडम. त्यानं पोराचं पातं पक्कं करून देल्लं. तुमच्या बाबाले सांगा."

"बाबा गेले," मी म्हटलं.

"मी दोन वर्षं म्हणून राह्यलो ना तुमाले," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यानं कार्ड काढलं आणि आजोबांचं नाव विचारलं, नंतर बाबांचं. दोन्ही नावं एका चिठ्ठीवर लिहिली, सुरी टॉवेलात गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. मूठ मागितली नाही. हातात दिली नाही; मी ती उचलावी, भांडण नको, एवढंच त्याला हवं होतं.

त्या उन्हाळ्यात तो अकोल्याला मुलीकडे गेला, कपाटासकट. पावसाळा संपता संपता तिथेच वारला. मी मयतीला गेले नाही. माझा त्याच्यावरचा राग अजून आहे. दोन वर्षांत एकदा तरी त्याला फाटकातून ओरडून सांगता आलं असतं. पण त्याची रीत अशी, की भिंगाखाली बघितल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि माझी अशी, की त्यानं तोंड उघडलं की कान बंद.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात बाबांनी माझं मनगट धरून विचारलं होतं, "बापाले कळलं असन काय वं?"

त्यांना धीर वाटावा म्हणून मी म्हटलं होतं, "नाही बाबा. त्यांना कधीच कळलं नाही."