धाटांचा कोळसा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — आप्पांना नाही, सविताला तर नाहीच. आत्ता तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

आम्ही निपाणीकडचे जैन, पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकवणारे. मुंगीलाही जपायचं आणि तंबाखू विकायचा — माझ्या वडिलांना, आप्पांना, ते कायम टोचायचं. म्हणून बेळगावच्या प्रयोगशाळेत मी महागड्या धातूऐवजी आमच्याच शेतातल्या तंबाखूच्या धाटांचा कोळसा आणि थोडं तांबं घेऊन उत्प्रेरक केला. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, वीज द्यायची, की त्या काळ्या भुकटीवर त्याचं फॉर्मिक ॲसिड व्हायचं. आप्पा गावभर सांगत सुटले, "आमच्या तंबाखूनं आता हवा साफ व्हणार बघा."

त्यावर माझा पेपर छापून आला. मग एकदा सहज मी त्याच पाण्यात नुसता नायट्रोजन सोडला. कार्बन डायऑक्साइडच नाही, म्हणजे आता ॲसिड यायला नको होतं. आलं — तेवढंच आलं. म्हणजे ते कार्बन डायऑक्साइडचं नव्हतंच. मी कोळसा नीट धुतला नव्हता. त्यात धाटांचंच काहीतरी उरलं होतं, विजेनं तेच तुटून ॲसिड होत होतं. मी काय केलं? पाणी ओतून दिलं आणि गप्प बसले.

पुढे जांबोटीची सविता माझ्याकडे पीएचडीला आली, माझ्याच भुकटीवर काम करायला. ती कोळसा इतका निगुतीनं धुवायची, की ॲसिड थेंबभरही मिळेना. तिचं बरोबर होतं. आणि मी — सगळ्यांसमोर — तिला म्हणाले, तुझा हातच स्वच्छ नाही. का म्हणाले? तिला नायट्रोजन सोडून बघायचं सुचेल, या भीतीनं. जिन्यावर तिची चप्पल वाजली की मी समोरची वही मिटून टाकायचे.

पर्युषण संपलं की आम्ही हात जोडून सगळ्यांची क्षमा मागतो. कोणत्या चुकीची, ते सांगावं लागत नाही — किती सोयीचं. मी सवितालाही म्हणाले, "उत्तम क्षमा."

तिचे डोळे भरले. "तुमी कशाला मॅडम? माझाच हात वाईट हाय. सोडतो म्हणतो मी ह्ये सगळं."

मी तिला थांबवलं नाही. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. पण चप्पल अजून वाजते — कुणाचीही असो, मी दचकते.

जाताना तिनंही हात जोडले. "केली क्षमा, मॅडम," म्हणाली. कशाची, ते तिला अजून माहीत नाही.