दुखायचं थांबलं तेव्हा

बाहत्तरच्या दुष्काळातला एप्रिल. फायरिंगच्या सरावासाठी आमची कंपनी सोलापूर-अक्कलकोट रस्त्याच्या कडेला, उघड्या माळावर तंबू ठोकून होती. मी मेडिकलचा हवालदार, नर्सिंग असिस्टंट, मूळचा बार्शीचा. डॉक्टर म्हणजे कॅप्टनसाहेब सोलापूरजवळच्या मेन कॅम्पवर. आमच्याकडं एक तंबू, दोन स्ट्रेचर, औषधाची पेटी आणि मी. पाणी टँकरचं, माणशी दोन बाटल्या.

दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेबांचं इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्शन म्हटलं की दगड आलेच. सिव्हिलमधल्या लोकांना हे सांगितलं की हसतात. तंबूंमधल्या वाटांच्या दोन्ही कडांना दगड मांडायचे, एकाला चुना, एकाला गेरू. प्यायला पाणी नाही, पण चुना कालवायला पाहिजे!

माळावरून दगड आणायला सहा जणांची पार्टी दिली होती. तिच्यावर लान्स नाईक मल्लाप्पा. अक्कलकोटजवळच्याच गावचा, घर कॅम्पपासून पाच कोसांवर. आठ वर्षांची सर्व्हिस, घरी बायको आणि दोन मुली. मराठी बोलता बोलता कधी कानडीत शिरायचा, ते त्यालाही कळायचं नाही. इन्स्पेक्शन झालं की त्याला दोन दिवसांची सुट्टी मंजूर होती, आणि ते तो दिवसातून दहा वेळा सगळ्यांना सांगत होता.

दुपारी दोन वीसला तो माझ्या तंबूत आला. उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत आवळलेलं.

"इंचू चावला की वो, उस्ताद."

"काळा का तांबडा?"

"तांबडा. एवढासा. दगडाखाली हुता."

मागोमाग लंगरचा कुक आला. "शेजारच्या वस्तीवर इंचू उतरवणारा म्हातारा हाय. बोलवू का?"

"मंतर तुझ्या घरी," मी म्हणालो. "हितं फौजेचं औषध चालतं."

बोटाच्या मुळाशी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत मल्लाप्पाचा चेहरा खुलला. "आयला, गेलं की दुखणं!" कुककडं बघून मी मिशीवर ताव दिला. खोटं कशाला सांगू, लई फुशारकी वाटली. रजिस्टरमध्ये लिहिलं: वेळ १४३०, पेन निल, फिट फॉर ड्यूटी. खाली सही केली. मल्लाप्पा परत दगड उचलायला गेला.

चार वाजून दहा मिनिटांनी मी सहज तिकडून चाललो होतो. मल्लाप्पा जेरीकॅनवर बसला होता. शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला. उन्हात सगळेच घामाघूम होते, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. त्याला दोनदा उलटी झाली होती. तीही त्यानं सांगितली नव्हती.

"दुखतंय का?"

"न्हाई वो उस्ताद. कायच न्हाई."

मी त्याचा हात धरला. असल्या उन्हात तो हात माठासारखा गार लागला. नाडी एकशे चाळीस, ती पण नीट लागेना. मी पळत वायरलेसवर गेलो.

"वन कॅजुअल्टी. स्कॉर्पियन. घाम, उलटी, हात गार. नाडी एकशे चाळीस. ओव्हर."

"किती वाजता चावला? ओव्हर."

"चौदा पंधरा. ओव्हर."

पलीकडं हँडसेट दुसऱ्याच्या हातात गेला. मग कॅप्टनसाहेबांचा आवाज. "ताबडतोब सिव्हिल हॉस्पिटलला हलव. मी तिथं पोचतो. बसवून आण, झोपवू नको. ओव्हर."

साडेचारला वन-टन गाडी निघाली. मागं मी मल्लाप्पाला पाठीमागून धरून बसलो. अर्ध्या वाटेत रस्ता गुरांनी भरलेला. चारा छावणीकडं निघालेली, हाडं वर आलेली जनावरं. हॉर्नला दाद देईनात. ड्रायव्हर उतरून बैलांच्या शेपट्या पिळत होता, ओरडत होता, शेवटी रडकुंडीला आला. तिथं आमची वीस मिनिटं गेली. घड्याळाकडं बघायची मला भीती वाटत होती, आणि मी सारखा तेच बघत होतो.

तिथंच त्याला खोकला सुरू झाला. छातीत खळखळ वाजायला लागलं. तोंडाला फेस आला, गुलाबी.

"उस्ताद, दम लागतोय की."

"आलंच सोलापूर. बोलू नको."

"दुखत न्हाई पर," तो म्हणाला. मला धीर देत होता बिचारा.

पाच चाळीसला हॉस्पिटल. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, डॉक्टरांनी शर्थ केली. सहा पस्तीसला लान्स नाईक मल्लाप्पा गेला.

कॅप्टनसाहेब व्हरांड्यात माझ्याजवळ आले. "तांबड्या विंचवात दुखण्यावर जायचं नसतं, हवालदार. घाम बघायचा, हात गार पडतात का ते बघायचं. विष काळजावर जातं."

"अडीचलाच आणला असता तर, सर?"

त्यांनी टोपी हातात घेतली. "कदाचित," म्हणाले.

वस्तीवरचा म्हातारा दुखणंच उतरवत असणार. मी दुसरं काय केलं होतं? त्यानंतर चौदा वर्षं नोकरी केली. विंचू चावलेला कुणी आला की आधी त्याचा हात हातात घ्यायचो, दुखतंय का ते मागाहून विचारायचो. चोवीस तास नजरेआड होऊ द्यायचो नाही, मग तो कितीही शिव्या देवो.

मल्लाप्पा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचे सुभेदारसाहेब आणि मी त्याच्या गावी गेलो. गाडीचा आवाज ऐकून त्याची बायको धाकटीला कडेवर घेऊन दारात आली. सुट्टी एक दिवस आधी मिळाली असं तिला वाटलं. आम्ही समोर उभे, आणि ती आमच्या मागं बघत होती, अजून कोण उतरतंय म्हणून.

सुभेदारसाहेबांनी सांगितलं. आतून आलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईनं हंबरडा फोडला. बायको रडली नाही. उंबऱ्यावर बसली. तिथून माझ्या हातातली औषधाची पिशवी तिच्या नजरेला पडली.

"तुमी हुता का वो त्यांच्यासंगं?"

"होतो, वहिनी."

"लई दुखलं का त्यास्नी?"

"नाही," मी म्हणालो. "अजिबात दुखलं नाही."

ते खरं होतं. मुलीला खाली ठेवून तिनं मला हात जोडले.