आडव्या सायकलचा वाकलेला कान

पुण्याहून निघून तिसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात शिरले. पन्हाळ्याचा चढ तेवढा बाकी होता. मणक्याच्या दुखण्यानंतर मी आडवी सायकल (पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची) घेतली होती. राजारामपुरीत ती एका भिंतीला टेकवली आणि उप्पीट (उपमा) खायला आत गेले.

बाहेर आले तर सायकल तिथेच होती, पण तिचं तोंड फिरलेलं. पिशव्यांच्या चेन तपासल्या; सगळं जागेवर. चार पॅडल मारली आणि मागून कटकट सुरू झाली.

समोरच्या दुकानातला पन्नाशीचा सायकल मिस्त्री जणू वाटच बघत होता.

"ताई, गियर वाजाय लागलाय न्हवं? आणा हिकडं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कान हाईत की मला."

रिक्षांच्या एवढ्या गोंगाटात? गिऱ्हाईक मिळावं म्हणून यानेच काहीतरी केलं असणार, असं मी मनाशी धरलं. पण दोष त्याने अचूक दाखवला. मागचा गियर ज्याला टांगलेला असतो तो ॲल्युमिनियमचा कान, म्हणजे हँगर, आत वाकला होता. घाटात सर्वांत हलका गियर टाकला असता, तर गियर थेट चाकाच्या तारांत घुसला असता. आणि सरळ करताना कान मोडला, तर तसा दुसरा इथे कुठून मिळणार?

"पान्ह्याने वाकवणार असाल तर नको," मी म्हणाले.

"पान्ह्यानं न्हाय वो. बघा तर."

त्याने गियर सोडवला, दुसऱ्या सायकलचं चाक आणलं आणि त्याच्या आसाचं टोक हँगरच्या भोकात फिरवून बसवलं. आता दोन चाकं शेजारी शेजारी उभी. वर चार बोटं अंतर, खाली जेमतेम दोन. चाक धरून तो किंचित ओढी, थांबे, पट्टीने मोजी. त्याच्या मनगटावरून मी नजर हलवली नाही. एकदा धातू करकरला.

"बास आता. आलुमिन हाय, लई छळलं तर मोडतंय."

अंतर सगळीकडे सारखं झालं होतं. गियर बसवल्यावर साखळी बिनआवाज फिरली.

मग हात पुसत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "ताई, म्याच पाडली सायकल. असली कधी बघितलीच न्हवती. बसून बघावं वाटलं, आन् कलंडली."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर हात लावू दिला असता व्हय?"

नसता दिला.

पन्हाळा करून दुसऱ्या दिवशी परतताना त्याच्या दारात थांबले. सीट मागून घट्ट धरली आणि त्याला वर बसवलं. गल्लीच्या टोकापर्यंत तो ओरडत होता, "सोडू नगा, ताई!"

घरी आल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, तुझा संशय बरोबरच होता की. होता. पण त्याच्या जागी मी असते, तर मालकिणीला हे सांगितलं असतं का, याची मला अजून खात्री वाटत नाही.