शाळेचं पाणी

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी सोलापुरात हायस्कूलमध्ये मास्तर होतो. जूनमध्ये मंगळवेढ्याकडचा एक शेतकरी लेकीला आठवीत घालायला शाळा बघत फिरत होता. मी त्याला मॅट्रिकचा निकाल सांगायला लागलो, तर म्हणाला, "पाणी कुटं हाय?"

शिपायानं आमच्या मास्तरांच्या खोलीतल्या माठातलं आणून दिलं. त्यानं हात आडवा केला. "ह्ये नगं. पोरं पित्यात त्ये द्या."

पोरांच्या नळाला ओंजळ लावून तो प्यायला, मिशा पुसल्या आणि चालता झाला.

पुढं बाजारात भेटला. लेकीला दुसऱ्या शाळेत घातलं होतं.

"आमचं पाणी कडू लागलं व्हय?" मी विचारलं.

"न्हाय की, लई ग्वाड! पर तितं मास्तरबी पोरांच्याच माठातलं पित्यात."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी नळाच्या रांगेत उभा राहिलो, तर सगळी रांग पळून गेली.