दोर सडला होता

दोघांनी माझे हात मागे पिरगाळले. तिसऱ्यानं जबडा दाबून तोंड उघडलं. शेठच्या दिवाणजीनं लाकडी पळीनं ओला चुना माझ्या जिभेवर ओतला.

"जीभ विटाळली हिची. शुद्ध करा."

बघणारे हसले. काही बायांनी तोंडाला पदर लावला. मी थुंकले, तर पुन्हा ओतला. जीभ पेटली. ओठांची साल हनुवटीवर लोंबली. घशातून गुरासारखा आवाज निघाला. तो माझाच आहे, हे मला कळलंही नाही.

मी काय केलं होतं? एक प्रश्न विचारला होता.

ते कापसाचे दिवस. कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई लागली आणि आमच्या काळ्या मातीतला कापूस सोन्यासारखा विकला जाऊ लागला. अमरावतीत गाड्यांची रीघ लागली. आमच्या शेठनं त्या पैशातून देऊळ काढलं. माझा नवरा तिथं दगड चढवायला होता, मी चुना कालवायला. आम्ही महारवाड्यातले. पण मूर्तीची प्रतिष्ठा होईपर्यंत गाभाऱ्यातही आमचे हात चालत होते. दगड जड होते ना.

गाभाऱ्याच्या दारावरची शिळा चढवायची होती. सकाळी नवऱ्यानं दोर हातात घेऊन बघितला. पीळ उलगडलेले, आतून काळा पडलेला. तो दिवाणजीला म्हणाला, "मालक, दोर सडला हाय. बदला."

"ओढ मुकाट्यानं," दिवाणजी म्हणाला.

दोर तुटला. शिळा त्याच्या छातीवर आली. त्याच्या तोंडातून रक्त आलं, माझं नावही आलं नाही. मी चुन्याच्या हातांनी ती शिळा ढकलत राहिले. ती कुठली हलतेय? नखं निघाली माझी. दिवाणजी ओरडत होता, "शिळा फुटली का बघा आधी!"

मग मूर्ती चढवायचा दिवस आला. तेव्हा नवा दोर आणला. त्याला हळदकुंकू लावलं. मी लांबून बघितलं.

प्रतिष्ठेच्या दिवशी शास्त्रीबुवांचं प्रवचन होतं. ते काशीला शिकून आलेले. आवाज गोड. आम्ही आवाराच्या अर्ध्या भिंतीबाहेर बसलो होतो. ते म्हणाले, "घडा दिसला की कुंभार असणारच. कार्य आहे तिथं कारण आहे. जग हे कार्य, ईश्वर त्याचा कर्ता. बुद्धीचं आणि ईश्वराचं वैर नाही. ज्याला शंका असेल त्यानं खुशाल विचारावं."

खरं सांगते, मला बरं वाटलं. जन्मभर मी देव म्हणजे भीती एवढंच ऐकलं होतं. कोप होईल, अंगात येईल, पटकी येईल. विचार करूनही देवापर्यंत जाता येतं, हे पहिल्यांदा ऐकलं. हा माणूस मला उत्तर देईल, असं वाटलं. मी उभी राहिले.

"महाराज, माह्या नवऱ्याच्या मरणाचं कारण काय?"

सगळी सभा वळली. शास्त्रीबुवा रागावले नाहीत. "बाई, पूर्वजन्मीचं पाप," ते म्हणाले.

"दोर सडला होता, महाराज."

"दोर हे निमित्त. खरं कारण त्याचं कर्म."

"मंग मूर्ती चढवाले नवा दोर काहून आणला? देवाच्या कर्माचा भरवसा नोता?"

शास्त्रीबुवांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना प्रश्न कळला होता. नीट कळला होता. त्यांनी पोथी मिटली.

"हिला बाहेर काढा. जिला वेदाचा अधिकार नाही, तिला तर्काचाही नाही."

बाहेर तर मी होतेच. तिथूनच ओढत नेलं मला, चुन्याच्या हौदापाशी.

दुसऱ्या दिवशी शेठचा निरोप महारवाड्यात आला. बाईनं देवळासमोर यावं, नाक घासावं आणि सर्वांदेखत म्हणावं की माझा नवरा त्याच्या पापानं मेला. नाहीतर वाड्यातल्या एकालाही कापसाच्या गाडीवर कामाला चढू देणार नाही. म्हातारी माणसं माझ्या दारात येऊन बसली. "घास माय नाक. नाकाले काय होते?"

माझी सासू चुलीपाशी होती. ती मरीमायची भक्त, त्या देवीला विचारल्याशिवाय पाणी पीत नसे. मला वाटलं, तीही हेच म्हणेल. ती उठली.

"मरीमाय मले काय करन ते करो. पन माह्या लेकराले सडक्या दोरानं मारलं. पापानं मेला म्हनशीन, त या घरात पाय ठेवू नोको."

म्हातारी माणसं दारातून उठून गेली.

मी गेले. देवळापुढं गर्दी. शास्त्रीबुवा ओट्यावर, शेठ शेजारी. दिवाणजी म्हणाला, "बोल." सुजलेल्या जिभेनं मी बोलले. शब्द चिखलासारखे निघाले, पण सगळ्यांना कळले.

"दोर सडला होता."

दिवाणजीनं माझे केस धरून तोंड दगडावर आपटलं. एकदा, मग परत. पुढचा दात तुटून घशात गेला. तो हातानं माझं नाक दगडावर रगडायला लागला आणि त्याचा पंजा माझ्या तोंडापाशी आला. जीभ चालत नव्हती. उरलेले दात चालत होते. मी हाडापर्यंत चावले. तो किंचाळला. काठ्या पडल्या, बरगडी मोडली, उजव्या कानातून रक्त आलं. त्या कानानं मला अजून ऐकू येत नाही. सासू येऊन अंगावर पडली, तिच्याही पाठीवर काठ्या बसल्या. मी चावलेला पंजा सोडला नाही. शास्त्रीबुवा ओट्यावरून उठून आत गेले. थांबा, असं एकदाही म्हणाले नाहीत.

अमरावतीत आम्हाला राहू दिलं नाही. आम्ही दोघी अकोल्याला आलो. इथं रेल्वेचा भराव चालला आहे, माती वाहतो. सासू पालात रोज मरीमायपुढं दिवा लावते. मी हात जोडत नाही. एका चुलीवर जेवतो, यावरून भांडत नाही. तिच्या देवीनं तिला खोटं बोलायला लावलं नाही. शास्त्र्याच्या देवानं त्याला लावलं. देव आहे की नाही, ते मला माहीत नाही. असेल तर तो प्रश्नानं मरणार नाही.

परवा भरावाची दरड एका बाईवर कोसळली. मुकादम म्हणाला, "तिची वेळ भरली होती. देवाची मर्जी. चला, कामाले लागा."

मी टोपलं खाली टाकलं. "खालून माती कोनं कोराले लावली?"

त्यानं काठी उचलली. मी हलले नाही. परत विचारलं, अजून मोठ्यानं. मागून आणखी टोपली पडल्याचा आवाज आला.

यापुढं माणूस मेला आणि कोणी देवाकडे बोट दाखवलं, की मी त्याच्या हाताकडे बघणार. आणि विचारणार. उरलेले दातही पाडा.